विक्रोळीत बसून १८८७ची बेसबॉल कार्डं कशी जमवावीत

माझी ३१ वर्षं लोअर परळला ऑफसेट मशीनवर गेली. रिटायर झालो तेव्हा घरी आणण्यासारखं एकच हत्यार होतं, स्क्रीनचे ठिपके (मशीनवर छापलेलं चित्र ज्या ओळीतल्या बारीक ठिपक्यांचं बनतं ते) बघायचं भिंग. या नादाला त्यानेच लावलं. भाची न्यू जर्सीहून आली आणि तिथल्या जुन्या बाजारातलं एक कार्ड हातात ठेवून म्हणाली, "मामा, छपाईचं आहे, तुझंच." काडेपेटीहून जरासं उंच कार्ड. पुढे होडी वल्हवणारा मिशाळ गडी, मागे नावांची यादी. भिंग लावलं आणि बघतच राहिलो. स्क्रीनच नाही! ठिपके हाताने टाकलेले, कुठे दाट, कुठे विरळ. आजोळी देवघरात दगडी छपाईची, म्हणजे दगडावर चित्र काढून छापलेली, लक्ष्मी होती, तिच्या गालावर असायचे तसे.

कार्ड निघालं ॲलन अँड गिंटरचं, साल १८८७. अमेरिकेतल्या रिचमंडची सिगारेट कंपनी. तेव्हाची पाकिटं मऊ कागदाची, चेपू नयेत म्हणून आत पुठ्ठ्याचा तुकडा सरकवत. त्या तुकड्यावर चित्र छापलं की गिऱ्हाईक पुढचंही पाकीट घेणार! ५० जणांच्या त्या संचात बेसबॉलवाले फक्त १०. बाकी मुष्टियोद्धे, कुस्तीगीर, बिलियर्ड खेळणारे, नेमबाज.

म्हणून माझं पहिलं सांगणं उलटं वाटेल: पहिलं कार्ड बेसबॉलचं घेऊ नका. त्याच संचातला एखादा वल्हेकरी किंवा बिलियर्डवाला घ्या. कॅप ॲन्सन किंवा किंग केली या तेव्हाच्या नामवंत बेसबॉलवाल्यांच्या मानाने तो किरकोळ पैशात मिळतो, आणि कागद, शाई, दगड, सगळं तेच. घरात एक अस्सल नमुना असला की पुढची सगळी कार्डं त्याच्याशेजारी ठेवून ताडता येतात. आम्ही पास झालेलं प्रूफ शेजारी ठेवूनच मशीन चालवायचो.

ही शिस्त मी स्वतः मोडली आणि ९,००० रुपयांना बुडालो. एका परदेशी विक्रेत्याकडून 'ओल्ड जज'चं कार्ड मागवलं. पिवळट, कोपरे झिजलेले, अगदी आजोबा वाटावं असं. भिंगाखाली गुलाबी-निळे ठिपके ओळीने उभे! माझ्याच धंद्यातल्या कोणीतरी छापून चहाच्या पाण्यात बुडवलं होतं.

ओल्ड जज ही न्यूयॉर्कच्या गुडविन कंपनीची सिगारेट. १८८६ ते १८९० या काळात त्यांनी ५००च्या आसपास खेळाडूंची कार्डं काढली. १८८६ म्हणजे आपल्याकडचे पारशी क्रिकेटवाले पहिल्यांदा इंग्लंडला गेले ते साल. ही कार्डं छापलेली नाहीत, हे नीट लक्षात घ्या. खरा फोटो, अंड्याच्या पांढऱ्याचा लेप दिलेल्या पातळ कागदावर काढलेला आणि पुठ्ठ्यावर डकवलेला. त्यामुळे भिंगाखाली एकही ठिपका दिसता कामा नये. कार्ड आडवं धरून कडेकडे पाहा: पातळ कागद आणि खाली पुठ्ठा, असे दोन थर दिसले पाहिजेत. एकच थर असेल तर हात जोडा आणि पुढे चला.

फोटो बहुतेक स्टुडिओतले. मागे रंगवलेला पडदा, आणि चेंडू छताला दोऱ्याने टांगलेला, कारण तेव्हाच्या कॅमेऱ्यात उडता चेंडू येणं शक्य नव्हतं. काही कार्डांवर तो दोरा स्पष्ट दिसतो. झेल घेणारा गडी गंभीर चेहऱ्याने टांगलेल्या चेंडूकडे हात पसरून उभा. मला ही कार्डं नामवंतांच्या कार्डांहून जास्त आवडतात.

भिंग झवेरी बाजारात मिळेल, सोनाराचं दहापट दाखवणारं पुरे. नोटा तपासायचा जांभळ्या उजेडाचा दिवाही घ्या. अंधारात त्याखाली पुठ्ठा निळा-पांढरा चमकला तर कागदात हल्लीची चकाकीची रसायनं आहेत, ते १८८७चं नव्हे. न चमकणारं प्रत्येक कार्ड खरं असतं असं मात्र नाही. जुना कोरा कागद वापरणारे महाभागही आहेत. डोळा तयार करायला चोर बाजारात जा. तिथे रविवर्मा प्रेसची चित्रं किंवा कापडाच्या गिरण्यांची जुनी लेबलं दिसली की भिंग लावायचं. दगडी छपाई तीच. दुकानदार वैतागतो, एखादं लेबल विकत घेतलं की शांत होतो.

यादीसाठी एक गोष्ट पाठ करा. जेफरसन बर्डिक नावाच्या संग्राहकाने अमेरिकन कार्डांना क्रमांक दिले, त्यातला 'एन' म्हणजे एकोणिसावं शतक. ओल्ड जज एन १७२, माझा वल्हेकरी एन २८. बर्डिकचा स्वतःचा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेसने १८८७ ते १९१४ची २,१०० बेसबॉल कार्डं फुकट बघायला ठेवली आहेत. विकत घेण्याआधी तिथलं चित्र मोठं करून पडदा, बूट, नावाची अक्षरं जुळवा.

खिसा आपल्यासारखा असेल तर मागे डिंकाचे डाग असलेली कार्डं धरा. पोरांनी वहीत चिकटवलेली, नंतर उचकटलेली. भाव बराच उतरतो. डाग घालवायला ओल्ड जज पाण्यात घालू नका, फोटो सुटतो. कडा कापून सरळ केलेलं कार्ड मात्र नको. नमुन्याशेजारी ठेवलं की लांडं दिसतं. महागाचं घ्यायचं तर तपासणी कंपनीने प्लॅस्टिकच्या डबीत बंद केलेलंच घ्या. पार्सलवर सीमाशुल्क धरूनच बोली लावा आणि पावती जपा. शंभर वर्षांपुढची वस्तू पुन्हा बाहेर पाठवताना १९७२चा पुरावस्तू कायदा आड येऊ शकतो.

आता आपला खरा शत्रू, पाऊस. पीव्हीसीचे अल्बम उन्हाळ्यात घामेजतात आणि फोटोला चिकटतात. पॉलिप्रॉपिलीनची पाकिटं वापरा. डबा घट्ट झाकणाचा, आत सिलिका जेल. निळे दाणे गुलाबी झाले की कढईत मंद भाजून परत निळे करायचे (आमच्या घरी त्याची वेगळी कढई आहे, का ते विचारू नका). पावसाचा मारा खाणाऱ्या भिंतीला लागून कपाट ठेवू नका, ओल आतून येते. डांबराच्या गोळ्या डब्यात नकोत. आणि फ्रेमवाला "काका, लॅमिनेट करून देऊ?" म्हणाला तर कार्ड खिशात घालून निघा.

जून ते सप्टेंबर मी डबा उघडत नाही. पाहुणा कितीही जवळचा असो, त्याला दसऱ्यानंतर बोलावतो.