पावसाळाभर शेडमध्ये पडून राहिलेली एटीव्ही गरम होतेय? हेड उघडायच्या आधी हे बघा

ऑक्टोबर लागला की अलिबाग-नागावकडचे बीचवाले, लोणावळा-पाचगणीकडचे रिसॉर्टवाले, फार्महाऊसवाले सगळे आपापल्या एटीव्ही (रेती-चिखलात चालणाऱ्या जाड टायरच्या चारचाकी) बाहेर काढतात. गाडी चालू होते, दहा मिनिटं बरी चालते आणि मग टेंपरेचरचा लाल दिवा. लगेच कोणीतरी सांगतं वॉटर पंप गेला, नाहीतर हेड गॅस्केट (इंजिनच्या वरच्या भागाखालचं, म्हणजे हेडखालचं सील) उडालं. एवढी घाई करू नका. जूनमध्ये व्यवस्थित चालणारी गाडी नुसती उभी राहून झिजत नाही, उभी राहिल्यावर गोष्टी सुकतात, जाम होतात, गंजतात, आणि उंदीर घर करतात, त्यामुळे शोधायचं ते हेच.

दिवा लागला की गाडी सावलीत बंद करा. रेडिएटरचं झाकण गरम असताना अजिबात उघडू नका, आत प्रेशर असतं आणि उकळतं कुलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) थेट तोंडावर येतं. तापलेल्या इंजिनवर गार पाणीपण ओतू नका, ॲल्युमिनियमचं हेड आहे, वाकू शकतं किंवा तडकू शकतं. रेडिएटरचा वरचा होस (रबरी नळी) हाताला गार लागेपर्यंत थांबा.

पहिलं काम रेडिएटर. बहुतेक एटीव्हीत तो पुढच्या जाळीमागे असतो, म्हणजे पुढच्या चाकांनी उडवलेला सगळा चिखल तिथेच बसतो, आणि चार महिने सुकला की विटेसारखा घट्ट होतो. मागून टॉर्च लावून पुढून बघा, उजेड आरपार दिसला नाही तर हवा पण जात नाहीये. आधी पाणी मारून भिजू द्या, मग साध्या नळीने फॅनच्या बाजूने पुढे असं धुवा. प्रेशर वॉशर जवळून मारू नका, फिन्स (पातळ पत्र्या) आडव्या होतात आणि मग धुऊनपण उपयोग नाही. बीचवरच्या गाडीला मीठ आणि रेती असते, तिला जास्त वेळ द्या. सीट आणि प्लास्टिक काढून इंजिनच्या आजूबाजूलापण बघा, गवत, चिंध्या, उंदरांचं घरटं सापडलं तर ते गरम करतंच, पण सायलेन्सरजवळ असेल तर पेटूपण शकतं.

मग कुलंट. इथे लोक हमखास फसतात, बाजूच्या बाटलीत लेव्हल दिसते म्हणून रेडिएटर भरलेला आहे असं समजतात. झाकणातला छोटा व्हॉल्व्ह चिकटला की इंजिन गार होताना बाटलीतलं कुलंट परत आत ओढलं जात नाही, मग बाटली भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा. म्हणून गार इंजिनवर झाकण उघडून आत बघा. झाकणाचं रबर कडक झालेलं किंवा चिरलेलं असेल तर झाकणच बदला, स्वस्त वस्तू आहे, पण प्रेशर धरलं नाही तर कुलंट लवकर उकळतं. रंग तांबूस-तपकिरी असेल तर आत गंज आहे. कोणी बोअरचं पाणी भरलेलं असेल तर आत क्षारांचा थर बसलेला असणार, सगळं काढून फ्लश करा आणि कुलंट व डिस्टिल्ड वॉटर 50:50 भरा (रेडीमिक्स घेतलं असेल तर पाणी मिसळू नका). काढलेलं कुलंट अंगणात ओतू नका, ते विषारी असतं आणि चवीला गोड असल्यामुळे कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

भरल्यावर एअर काढायची. हे केलं नाही म्हणून नवीन कुलंट टाकूनपण गाडी तापते. गाडी चढावर उभी करा म्हणजे पुढची बाजू वर, चाकांना दगड लावा, ब्लीड स्क्रू (एअर सोडायचा) असेल तर तो सैल करा, झाकण उघडं ठेवून गार इंजिन चालू करा, होस हलके दाबत राहा, बुडबुडे थांबले आणि लेव्हल स्थिर झाली की झाकण लावा. वॉटर पंपाच्या खाली एक बारीक भोक असतं, तिथून कुलंट सतत ठिबकत असेल तर आतलं सील गेलंय.

फॅन. चावी बंद, बॅटरीची मायनस वायर काढा, मग बोटाने फिरवून बघा. खारी हवा लागलेली मोटर जाम झालेली असते. फिरत असेल तर बॅटरीवरून डायरेक्ट 12 व्होल्ट द्या. डायरेक्ट चालला पण गाडी तापल्यावर आपोआप लागत नसेल तर तपासा फ्यूज, रिले (फॅन चालू-बंद करणारा विजेचा स्विच), सेन्सरचं कनेक्टर (हिरवा थर आलाय का बघा) आणि कुरतडलेल्या वायरी. बॅटरी पडलेली असेल तरी फॅन मंद फिरतो, इंजिन चालू असताना साधारण साडेतेरा-चौदा व्होल्ट दिसायला हवेत.

इंजिन चटका लागेल इतकं गरम आणि रेडिएटरचा खालचा होस बराच वेळ गारच, तर थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कुलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) बंद अवस्थेत चिकटलाय असा संशय घ्या. काढून पाण्याच्या भांड्यात उकळा, त्यावर छापलेल्या तापमानाच्या आसपास उघडला पाहिजे. काही लोक तो काढूनच टाकतात, मला ते पटत नाही, नवीनच बसवा.

आता पेट्रोल, याकडे कोणी बघतच नाही. सध्याच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते दमट हवेतलं पाणी ओढतं, शिवाय कार्बमध्ये (कार्ब्युरेटर, जिथे पेट्रोल आणि हवा मिसळते) उरलेलं पेट्रोल सुकून जेटमध्ये (पेट्रोलच्या बारीक भोकांत) चिकटा धरतो. मग पेट्रोल कमी जातं, गाडी लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) चालते आणि लीन इंजिन जास्त तापतं. अर्धा चोक ओढल्यावर नीट चालतेय, सायलेन्सरमधून फटफट येतेय, तर हेच. जुनं पेट्रोल काढा, कार्ब उघडून जेट क्लीनरने आणि हवेने साफ करा, तार घालू नका. लहान मुलांच्या एअर-कूल्ड (हवेने गार होणाऱ्या) एटीव्हीत रेडिएटरच नसतो, तिथे इंजिनच्या फिन्सवरचा चिखल, इंजिन ऑईल आणि कार्ब हेच मुख्य.

चाकं उचलून हाताने फिरवापण. ब्रेक चिकटलेला असला की इंजिनवर फुकटचा लोड येतो, आणि आपण रेडिएटरच धुवत बसतो.

हे सगळं ठीक असूनही कुठे गळती न दिसता कुलंट कमी होत असेल, एअर काढूनही रेडिएटरमध्ये बुडबुडे येतच असतील, गरम झाल्यावरही पांढरा गोडसर वासाचा धूर येत असेल, किंवा ऑईल दुधाळ झालं असेल तर गाडी चालवू नका, मेकॅनिककडे न्या. फक्त ऑईलच्या झाकणाखाली थोडासा पांढरा फेस असेल तर घाबरू नका, पावसाळ्यातला दमटपणापण असू शकतो, ऑईल बदला आणि थोडं चालवून परत बघा.

पहिली राईड छोटी आणि सपाट जमिनीवर घ्या, फॅन लागतो आणि बंद होतो हे कानाने ऐका, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनवर कुलंटची लेव्हल परत तपासा, राहिलेली एअर निघून ती थोडी खाली आलेली असते, तेवढी भरा.