नवखा अधिकारी आणि मुरलेला खुनी : पहिली गुन्हेकथा लिहिताना

नवख्या तपास अधिकाऱ्याने सीरियल किलरचा माग काढण्याची कादंबरी लिहायला बसलेला नवा लेखक बहुधा खुन्यापासून सुरुवात करतो : त्याचे बालपण, त्याची विकृती, मृतदेहाजवळ तो मागे ठेवत असलेली खूण. हे सारे पुढे लागतेच, पण त्याआधी एक साधा प्रश्न सोडवावा लागतो. या तपासात आपल्या नवख्या अधिकाऱ्याला नेमके कोणते काम दिलेले आहे? ज्याने आजवर एकाही खुनाचा छडा लावलेला नाही, त्याच्या हाती एवढे मोठे प्रकरण कोणतेही पोलीस दल सोपवणार नाही. आणि ते त्याच्याकडे यावे म्हणून वरिष्ठाला आजारी पाडणे, निलंबित करणे किंवा तिसऱ्या प्रकरणात मारून टाकणे या क्लृप्त्या गुन्हेकथांचा वाचक लांबूनच ओळखतो. म्हणून त्याला खालच्या पायरीवरच राहू द्यावे. घरोघरी जाऊन जबाब घेणे, गाड्यांचे क्रमांक पडताळणे, निनावी फोनची नोंद ठेवणे, जुन्या फायली लावणे अशी कंटाळवाणी कामे त्याच्या वाट्याला यावीत आणि गुन्ह्याची उकल त्या कामांच्याच पोटातून निघावी, अशी कथानकाची रचना करावी.

या रचनेचा उत्तम वस्तुपाठ प्रत्यक्षात घडून गेलेला आहे. इंग्लंडमध्ये १९७५ ते १९८० या काळात १३ स्त्रियांचे खून करणाऱ्या पीटर सटक्लिफची पोलिसांनी अटकेपूर्वी ९ वेळा चौकशी केली होती. त्याच्याविषयीची माहिती हाताने लिहिलेल्या कार्डांच्या प्रचंड सूचीत विखुरलेली होती आणि ती कोणाच्याही टेबलावर एकत्र आली नाही. जून १९७९ मध्ये, आपणच खुनी आहोत असे सांगणारी एक ध्वनिफीत पोलिसांकडे आली. वरिष्ठांनी ती खरी मानली आणि त्या फितीतल्या आवाजाचा ईशान्य इंग्लंडमधला हेल ज्यांच्या बोलण्यात नव्हता, ते संशयित यादीतून गळू लागले. त्याच वर्षी एका कनिष्ठ अधिकाऱ्याने सटक्लिफविषयीचा आपला दाट संशय लेखी कळवला होता. तो कागद फायलीत जाऊन पडला. अखेर जानेवारी १९८१ मध्ये शेफील्ड येथे गस्त घालणाऱ्या एका सार्जंटने आणि त्याच्या सोबतच्या, अजून उमेदवारीच्याच काळात असलेल्या शिपायाने एका गाडीच्या क्रमांकाची चौकशी केली, पाटी खोटी निघाली आणि चालक ताब्यात आला. लघवीच्या निमित्ताने हा माणूस अंधारात गेला होता, हे सार्जंटला दुसऱ्या रात्री आठवले. तो त्या जागी परत गेला, तेव्हा त्याला तिथे हातोडा आणि सुरी सापडली. ध्वनिफीत पाठवणारा भलताच माणूस होता आणि पाकिटावरच्या डीएनएमुळे तो २००५ मध्ये उघडकीस आला.

या हकिकतीत कादंबरीला लागणारे जवळजवळ सगळे आहे : ज्याच्यात वरिष्ठांची प्रतिष्ठा अडकली आहे असा खोटा धागा, कोणी न वाचलेला अहवाल, आणि घरी जाऊन झोपता आले असते त्या वेळी परत फिरलेला एक माणूस. मात्र ती जशीच्या तशी वापरता येणार नाही. खोटी पाटी असलेली गाडी योगायोगाने समोर यावी, हे आयुष्यात चालते; साडेतीनशे पाने वाचून आलेल्या वाचकाला मात्र ती फसवणूक वाटते. यावरचा उपाय न्यूयॉर्कच्या एका प्रकरणात दिसतो. तिथे १९७७ मध्ये डेव्हिड बर्कोविट्झ हा सीरियल किलर सापडला, तो गाडी चुकीच्या जागी उभी केल्याबद्दल झालेल्या दंडाच्या पावतीमुळे. पावती फाडली जाणे हा योगायोग होता. पण त्या रात्री पोलीस तिथे पावत्या फाडत होते, हे एका साक्षीदार स्त्रीने सांगितल्यावर त्या पावत्या शोधून काढणे हा तपास होता. योगायोग खुन्याच्या बाजूने आधीच घडून गेलेला असावा आणि नायिकेने किंवा नायकाने तो कष्टाने उकरून काढावा, म्हणजे वाचकाची तक्रार राहत नाही.

नवख्याला दिसते ते अनुभवी लोकांना का दिसत नाही, याचे कारणही पक्के हवे. ‘तो जात्याच हुशार होता’ हे कारण सर्वांत दुबळे. कार्यपद्धती आणि खूण यांतला फरक इथे उपयोगी पडतो. कार्यपद्धती म्हणजे गुन्हा पार पाडण्यासाठी आणि निसटण्यासाठी खुनी जे करतो ते. अनुभवाने तो ती सुधारतो, म्हणून दुसऱ्या खुनात हत्यार, वेळ, जागा सगळे बदललेले असू शकते. खूण म्हणजे गुन्ह्यासाठी मुळीच गरजेचे नसलेले, केवळ त्याच्या मनाची भूक भागवणारे कृत्य, आणि ते सहसा टिकून राहते. वरिष्ठांनी बदललेल्या पद्धतीकडे बोट दाखवून दोन खून वेगळे मानावेत आणि फायली लावणाऱ्या नवख्याला दोन्हीकडचा एकच निरुपयोगी तपशील खटकावा. दोन खून वेगवेगळ्या पोलीस हद्दींत घडवले, तर हा आंधळेपणा आणखी पटतो, कारण हद्द ओलांडताना माहिती हरवणे ही अशा तपासांतली जुनीच व्यथा आहे. एफबीआयने २००५ मध्ये भरवलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेने वेगवेगळ्या वेळी किमान २ बळी घेणाऱ्यास सीरियल किलर मानले. तेव्हा वाद रंगवण्यासाठी तिसऱ्या मृतदेहाची वाट पाहण्याचे कारण नाही.

न्यायवैद्यकाची माहिती थोडी, पण अचूक असावी. मृत्यूची वेळ ‘रात्री अकरा वाजून दहा मिनिटे’ अशी कोणताही डॉक्टर सांगत नाही. मरणोत्तर ताठरता काही तासांत सुरू होते, सुमारे १२ तासांत पूर्णत्वाला जाते आणि पुढच्या दीड-दोन दिवसांत ओसरते, तेही हवामान आणि शरीरयष्टी यांवर अवलंबून. म्हणजे लेखकाच्या हाती काही तासांचा पट्टा येतो आणि संशयितांच्या सबबी त्या पट्ट्यात बसवता येतात. डीएनएने गोष्ट संपते, हा समजही सोडावा. डीएनएच्या आधारे खुनात दोषी ठरलेला पहिला गुन्हेगार, कॉलिन पिचफोर्क, याने परिसरातल्या पुरुषांचे नमुने घेतले जात असताना आपल्या जागी एका सहकाऱ्याला पाठवले होते. त्या सहकाऱ्याने ही गोष्ट मद्यगृहात बोलून दाखवली आणि कोणीतरी ती ऐकून पोलिसांना कळवली. पिचफोर्कला १९८८ मध्ये शिक्षा झाली. त्यापूर्वी त्याच चाचणीने, एका खुनाची खोटी कबुली दिलेल्या तरुणाला निर्दोष ठरवले होते. प्रयोगशाळेच्या अहवालापेक्षा असे मानवी पेच कादंबरीला जास्त पुरतात.

नवख्याकडून एक खरी चूक घडायलाच हवी, आणि ती गोड गैरसमजाची नको. घाईने घेतलेला जबाब न्यायालयात टिकू नये, पुरावा हातचा जावा, किंवा त्याने संशय घेतलेला निरपराध माणूस नोकरीला मुकावा. चुकीची किंमत दुसऱ्याने मोजली, की त्याच्या पुढच्या प्रत्येक निर्णयाला वजन येते. बळींनाही एवढेच वजन द्यावे. प्रत्येक मृत व्यक्तीचा एक अपुरा राहिलेला बेत, एखादे न फेडलेले कर्ज, एखादे जुने भांडण ठरवून ठेवावे, कारण तपास तिथूनच सरकतो. खुन्याच्या मनातली तिरक्या अक्षरांतली प्रकरणे मला बहुतेक वेळा अनावश्यक वाटतात. ती ठेवायचीच असतील तर त्यांतून वाचकाला तपासाविषयी काहीतरी नवे कळले पाहिजे.

लिहिण्यापूर्वी एका वेगळ्या वहीत खुन्याचा कालक्रम मांडावा : कोणत्या दिवशी तो कुठे होता, कोणाला भेटला, काय मागे राहिले. त्याच्याशेजारी पोलिसांना ते केव्हा कळते आणि वाचकाला केव्हा, असे दोन रकाने ओढावेत. खुनी पहिल्या तृतीयांशातच, नावानिशी आणि काही कामानिमित्त, समोर येऊन गेलेला असावा. पहिला खर्डा पूर्ण झाल्यावर तो एकदा केवळ खुन्याच्या बाजूने वाचावा आणि प्रत्येक प्रसंगी त्याला पोलिसांच्या हालचालींची किती माहिती आहे, हे समासात लिहीत जावे. माहिती नसताना त्याने अचूक पाऊल उचललेले आढळेल, तिथे तो प्रसंग पुन्हा लिहावा लागेल.