नव्या स्टोरेजला जुना आयपी देताय? आधी मॅकची यादी करा

मागच्या वर्षी एका शनिवारी रात्री आम्ही जुन्या स्टोरेजवरचा (सगळ्या सर्व्हरांचा डेटा ठेवणाऱ्या यंत्रावरचा) डेटा नव्यावर नेला आणि जुनाच आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, नव्याला दिला. एवढ्या सर्व्हरांवर माउंट (स्टोरेजची जोडणी) बदलत कोण बसणार? पहाटेपर्यंत सगळं सुरळीत. रविवारी दुपारी एक यूपीएस ट्रिप झाला, जुनं स्टोरेज रीबूट झालं आणि त्याच आयपीवर उठून बसलं. मी त्याचा इंटरफेस फक्त चालू कॉन्फिगरेशनमध्ये बंद केला होता, सेव्ह केलाच नव्हता. नवं स्टोरेज ओरडत होतं की हा पत्ता दुसरं कुणीतरी वापरतंय, आणि शेजारी त्या कुणाचा तरी मॅकही (नेटवर्क पोर्टचा स्वतःचा ओळख क्रमांक) देत होतं. तो मॅक कोणाचा हे कळायला तीन तास गेले. दोन रॅक पलीकडे आमचंच धूड होतं.

तर पुढच्या वेळची तयारी. बॅकअप, चेंजची मंजुरी, सपोर्ट कॉलसाठी सिरियल नंबर: हे सांगावं लागत असेल तर कामाला हातच लावू नका.

मॅकची यादी. जुन्या आणि नव्या, दोन्ही स्टोरेजची. दोन्ही कंट्रोलरचे (स्टोरेज चालवणाऱ्या आतल्या संगणकांचे) डेटा पोर्ट, मॅनेजमेंट पोर्ट, आणि सर्व्हिस प्रोसेसरसुद्धा (देखरेखीचा वेगळा छोटा संगणक), कारण त्याचा मॅक वेगळा असतो आणि तोच सगळे विसरतात. पोर्ट एकत्र बांधून लॅग (सगळ्यांची मिळून एकच लिंक) केला असेल तर त्या लॅगचा मॅक वेगळा लिहा. पुष्कळदा तो ०२ ने सुरू होतो. मॅकचा दुसरा अंक २, ६, ए किंवा ई असेल तर तो पत्ता सॉफ्टवेअरने बनवलेला आहे, कंपनीच्या नावाने शोधून काही मिळणार नाही. मी पाऊण तास तेच करत होतो. यादी कागदावर छापा. आमच्याकडे मॅकची नव्हतीच, आयपीची होती, आणि ती त्याच स्टोरेजवरच्या शेअरमध्ये एक्सेलमध्ये होती. हसा.

पत्ता मोकळा आहे का हे पिंगवरून ('आहेस का?' असं विचारणाऱ्या कमांडवरून) ठरवू नका. समोरच्याची फायरवॉल पिंग गिळते आणि आपण खूश. त्याच व्हीलॅनमधल्या (नेटवर्कच्या त्याच कप्प्यातल्या) मशीनवरून आर्पिंग चालवा, म्हणजे एआरपीने 'हा आयपी कुणाचा, मॅक सांगा' असं विचारा. एआरपीला उत्तर दिल्याशिवाय मशीनला नेटवर्कवर बोलताच येत नाही. दुसऱ्या व्हीलॅनमधून तपासलंत तर हाती फक्त राउटरचा मॅक लागेल. आणि बंद असलेलं मशीन कशालाच उत्तर देत नाही, ते नंतर उठतं. म्हणून पुन्हा सांगतो, यादी.

डीएचसीपीच्या (आपोआप आयपी वाटणाऱ्या सेवेच्या) पूलमधून स्टोरेजचे पत्ते वगळा. विंडोजच्या डीएचसीपी सर्व्हरमध्ये पत्ता वाटण्याआधी तपासायची सोय आहे, पण ती मुळात शून्यावर, म्हणजे बंद असते.

जुन्या स्टोरेजच्या केबली काढा. इंटरफेस डाउन नको, केबली. इंटरफेस वर येताना पुष्कळदा 'हा पत्ता माझा' अशी हाळी न विचारता देतो, आणि ऐकणारे आपापल्या एआरपी टेबलात मुकाट्याने नवा मॅक लिहून घेतात. कुणी ऐकतं, कुणी नाही. म्हणूनच अर्धे सर्व्हर चालतात, अर्धे लटकतात, आणि नेटवर्कवाले 'आमच्याकडून सगळं ठीक आहे' म्हणतात. खरंच ठीक असतं त्यांचं. सिस्कोच्या राउटरवर एआरपीची नोंद मुळात ४ तास राहते, तेव्हा पत्ता हलवल्यावर गेटवेवरची (त्या राउटरवरची) नोंद पुसायला कुणाला तरी आधीच सांगून ठेवा.

अलर्टचं. आमच्याकडे पाथ (स्टोरेजकडे जाणारे मार्ग) तुटल्याच्या आणि एनएफएस (नेटवर्कवरून फाइली वापरायची सोय) लटकल्याच्या मेलांचा पाऊस पडला, आणि पत्त्याच्या भांडणाची मेल, जी सगळ्यांत आधी आली होती, ती ढिगाच्या तळाशी. वरून वाचू नका, वेळेनुसार जुन्यापासून वाचा. त्यासाठी स्टोरेज आणि स्विच यांची घड्याळं एनटीपीने जुळलेली हवीत. सात मिनिटांचा फरक असला तरी कारण आणि परिणाम उलटे दिसतात. मेल सर्व्हर याच स्टोरेजवर असेल तर अलर्ट येणारच नाहीत, म्हणून सिसलॉग (यंत्राच्या घडामोडींच्या नोंदी) बाहेरच्या यंत्राकडे पाठवा. कामापुरते अलर्ट दाबणार असाल तर ते पुन्हा चालू व्हायची वेळही तेव्हाच घाला.

अलर्टमध्ये मॅक आला की आधी यादी. यादीत नसेल तरच स्विचचं मॅक टेबल, म्हणजे कोणता मॅक कोणत्या पोर्टवर दिसतो त्याची नोंद. एका पोर्टवर ढीगभर मॅक दिसले तर ती पुढच्या स्विचकडे जाणारी लिंक आहे, तिकडे जा. ती केबल उपटू नका. मी उपटली. एनएफएसचा गोंधळ होताच, त्यात अर्धा मजलाही गेला.

बाकी मागे फिरायची वेळ ठरवा, कन्सोल केबल जवळ ठेवा, डेटा सेंटरच्या किल्लीवाल्याचा नंबर घ्या, दुसरा माणूस जागा ठेवा. काम झाल्यावर एका कंट्रोलरचं काम मुद्दाम दुसऱ्यावर टाकून बघा, पत्ता बरोबर जातो का. परत आणा.

केबली काढल्या का, ते कुणाला विचारू नका, रॅकमागे जाऊन स्वतः बघा. जाताना यादी हातात घ्या.