प्लॉट पाडून रो-हाऊस बांधताय? या चुका आधीच टाळा

दहा गुंठे म्हणजे साधारण १,००० चौरस मीटर. एका घराला १०० धरले, म्हणजे दहा रो-हाऊस. छोटा बिल्डर जागा बघायला जातो तेव्हा हे गणित उभ्या उभ्या मांडलं जातं आणि जागेचा भावही त्यावरच ठरतो. पुढची बहुतेक दुखणी इथूनच सुरू होतात.

तोच प्लॉट कागदावर आखून बघा. समोरची रुंदी २५ मीटर, खोली ४० मीटर. आतल्या घरांना रस्ता हवाच. एका कडेने ९ मीटर रुंदीचा अंतर्गत रस्ता काढला की ९ गुणिले ४०, म्हणजे ३६० चौरस मीटर गेले. उरली १६ बाय ४० मीटरची पट्टी. घराची रुंदी ५ मीटर धरली तर आठ घरं बसतात असं वाटेल, पण ती बसत नाहीत. सार्वजनिक रस्त्याकडच्या पहिल्या घराला पुढचं सामासिक अंतर, म्हणजे हद्दीपासून मोकळी ठेवायची जागा, सोडावं लागतं, शेवटच्या घराला मागच्या हद्दीपासून. ही अंतरं ३ मीटर आणि दीड मीटर धरली तर ४० पैकी ३५.५ मीटर उरतात. घरं सात झाली.

आता विकास आराखडा बघा. समोरचा रस्ता आज साडेसात मीटरचा आहे आणि आराखड्यात तो १२ मीटरचा दाखवलाय. मध्यापासून दोन्हीकडे सारखी वाढ धरली तर तुमच्या बाजूने सव्वादोन मीटर जाणार. उरले ३३.२५ मीटर, म्हणजे घरं सहा. रुंदीकरणात दिलेल्या पट्टीचा एफएसआय (त्याच प्लॉटवर जादा बांधकामाचा हक्क) किंवा टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) मिळू शकतो, हे खरं. पण रो-हाऊसच्या आखणीत तो वापरायला जागा उरेलच असं नाही. दहा घरांवर वाटलेली जमिनीची किंमत सहा घरांवर आली, तर पहिली वीट लागण्याआधीच नफा संपलेला असतो.

म्हणून इसार देण्याआधी तीन गोष्टी हातात घ्या: झोन दाखला (जमीन कोणत्या वापरासाठी आहे ते सांगणारा), विकास आराखड्याचा भाग नकाशा आणि आर्किटेक्टने काढलेली कच्ची आखणी. मुंबई आणि काही विशेष क्षेत्रं सोडली तर राज्यात बहुतेक ठिकाणी २०२० ची बांधकामाची एकत्रीकृत नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर, लागू आहे. सामासिक अंतरं रस्त्याची रुंदी, प्लॉटचा आकार आणि गावठाण किंवा दाट वस्तीचा भाग यांवर बदलतात. शेजारच्या प्लॉटवर काय मंजूर झालं होतं, त्यावरून अंदाज बांधू नका. जागा ४,००० चौरस मीटर किंवा जास्त असेल तर रेखांकनात (मंजुरीच्या लेआउटमध्ये) १० टक्के खुली जागाही सोडावी लागते. त्या उंबरठ्याच्या जरासं वर असलेली जमीन घेताना हा हिशेब नक्की करा.

पोटविभागणी करायची की नाही, हे आधी ठरवा

सगळ्यात महागात पडणारी चूक बांधकामातली नाही, कायदेशीर रचनेतली आहे. रो-हाऊस दोन मार्गांनी बांधता येतात. एक, प्लॉटची पोटविभागणी करून. प्रत्येक घराखालची जमीन वेगळी होते आणि तिचा स्वतंत्र सातबारा किंवा मिळकत पत्रिका निघते. दोन, प्लॉट एकच ठेवून त्यावर घरांची रांग मंजूर करून घेऊन. मग जमीन सोसायटीच्या नावे जाते किंवा अपार्टमेंट कायद्याखाली घोषणापत्र करून प्रत्येकाला अविभाज्य हिस्सा मिळतो.

दोन्ही मार्ग बरोबर आहेत. चूक होते ती सरमिसळीत. नकाशा दुसऱ्या मार्गाने मंजूर होतो, कारण त्यात अंतर्गत रस्त्याला कमी जागा जाऊ शकते. करारनाम्यात मात्र ‘प्लॉट क्रमांक ४, क्षेत्र ८० चौरस मीटर’ असं लिहिलं जातं. असा प्लॉट सरकारी दप्तरात नसतोच. ग्राहकाच्या बँकेचा वकील कागद तपासतो आणि कर्ज अडकतं. कसंबसं खरेदीखत झालंच, तरी वेगळा सातबारा कधीच निघत नाही. त्या ग्राहकाने आयुष्यभराची पुंजी तुमच्या शब्दावर लावलेली असते, हे विसरू नका.

पोटविभागणीचा मार्ग घेतला तर क्रम असा पाळा:

१. रेखांकनाला तात्पुरती मंजुरी.
२. जागेवर सीमांकन आणि दगड रोवणे.
३. भूमि अभिलेख कार्यालयाकडून पोटविभागणीची मोजणी.
४. मोजणीशी जुळणाऱ्या रेखांकनाला अंतिम मंजुरी.
५. कमी-जास्त पत्रक (विभागणीनंतरची क्षेत्रं दप्तरात नोंदवणारा कागद), म्हणजे बोलीभाषेतलं ‘कजाप’, आणि त्यावरून स्वतंत्र सातबारे.

पाचवी पायरी अनेक जण घरं विकून झाल्यावर आठवतात. तोवर मूळ मालकांपैकी कुणी वारलेलं असतं, वारसनोंद व्हायची असते आणि ग्राहक रोज फोन करत असतो. कजाप होईपर्यंत खरेदीखत करू नका.

मंजूर रेखांकनातलं क्षेत्र आणि मोजणीतलं क्षेत्र जुळत नसेल, तर जोत्याचं काम थांबवा आणि सुधारित रेखांकन मंजूर करून घ्या. जोता झाल्यावर हीच दुरुस्ती फार अवघड होते. भिंत सरकवता येत नाही, मग हद्द सरकवायची वेळ येते आणि शेजारचा प्लॉट नियमात बसेनासा होतो.

सातबाऱ्यावरचं क्षेत्र आणि जागेवरचं क्षेत्र

खरेदीआधी भूमि अभिलेख कार्यालयाकडून हद्द कायम मोजणी करून ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा, घ्या. घाई असेल तर द्रुतगती मोजणीचे जादा पैसे भरा, ते वाया जात नाहीत. समोरची रुंदी २५ ऐवजी २४.२ मीटर भरली, तर ९ मीटरचा रस्ता जाऊन घराच्या प्लॉटची खोली १६ ऐवजी १५.२ राहते. हे ८० सेंटिमीटर सगळ्या घरांच्या जिन्यातून किंवा स्वयंपाकघरातून कापले जातात.

सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग-२, म्हणजे विक्रीवर सरकारी बंधन असलेली जमीन, असेल तर सक्षम अधिकाऱ्याची परवानगी आणि नजराणा (सरकारला भरायची रक्कम) यांशिवाय पुढे जाऊ नका. ‘इतर हक्क’ रकाना ओळीओळीने वाचा: कुळाचं नाव, सोसायटीचा बोजा, बहिणींचे हक्क. ३० वर्षांचा शोध अहवाल वकिलाकडून घ्या, फेरफार मात्र स्वतःही वाचा. जमीन अजून शेतीची असेल तर मंजूर रेखांकनाशिवाय गुंठ्या-गुंठ्याने विकणं १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यात अडकू शकतं.

सांडपाण्याचा उतार

समजा, रुंदीकरण नाही आणि घरं सात आहेत. प्रत्येकी ५ मीटर, म्हणजे ३५ मीटर. मुख्य रस्त्यावरच्या चेंबरपर्यंत आणखी ५. एकूण ४० मीटर लांबीची १५० मिलिमीटरची लाईन १०० ला १ उताराने टाकली तर ४०० मिलिमीटर उतार लागतो. आतल्या टोकाच्या चेंबरचा तळ ६०० मिलिमीटर खोल धरला तर रस्त्याकडचा शेवटचा एक मीटर खोल जातो. रस्त्याची पातळी प्लॉटइतकीच असेल आणि पालिकेच्या चेंबरचा तळ फक्त ७५० मिलिमीटरवर असेल, तर तुमचं पाणी त्यात जाणार नाही. २५० मिलिमीटर कमी पडले.

हे खोदकामाआधी कळलं तर अंतर्गत रस्ता आणि जोती वर उचलून सुटतं. स्लॅब झाल्यावर कळलं तर पंप बसवावा लागतो, आणि वीज गेली की सांडपाणी रस्त्याकडच्या घराच्या अंगणात येतं. म्हणून पालिकेच्या चेंबरचं झाकण उघडून तळाची पातळी लेव्हल मशीनने घ्या आणि जोत्याची उंची तिथून उलटी मोजत या. रस्त्याचं डांबरीकरण पुढे होणार असेल तर त्याची जाडीही धरा.

लाईन घरांच्या मागच्या मोकळ्या जागेतून नेऊ नका. ताबा मिळाल्यावर लोक मागे शेड टाकतात, फरशी बसवतात आणि चेंबर त्याखाली जातात. चौथ्या घराची लाईन तुंबली की पाचव्या घराची फरशी फोडावी लागते. लाईन अंतर्गत रस्त्यातून न्या.

सामाईक भिंत

दोन घरांमध्ये ४ इंची भिंत घालून जागा वाचवू नका. आवाज आरपार जातो आणि दोन्हीकडून वायरिंगच्या खाचा पाडल्या की भिंतीत फारसं काही उरत नाही. ९ इंची वीट किंवा २०० मिलिमीटरचा ब्लॉक वापरा. विजेचे बॉक्स पाठीला पाठ लावून बसवू नका. पाण्याचे पाईप या भिंतीतून अजिबात नेऊ नका.

गच्चीवर सामाईक भिंत किमान कठड्याच्या उंचीपर्यंत न्या आणि वॉटरप्रूफिंग तिच्यावर दोन्ही बाजूंनी चढवा. एका घराच्या गच्चीतलं पाणी दुसऱ्याच्या बेडरूममध्ये उतरतं ते बहुधा याच सांध्यातून.

कॉलम सामाईक असतील तर ते करारनाम्यात लिहा. कुणीही एकट्याने मजला चढवायचा नाही, भिंत पाडायची नाही, दुरुस्तीचा खर्च निम्मा-निम्मा. पोटविभागणी केलेल्या प्लॉटवर तर हे हवंच, कारण तिथे प्रत्येकाला आपलं घर पूर्ण स्वतंत्र वाटतं.

महारेरा, जीएसटी आणि पैशांचा ओघ

जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा घरं ८ पेक्षा जास्त नसतील तर रेरा (गृहप्रकल्पांच्या नियमनाचा कायदा) नोंदणीतून सूट आहे; राज्यात ही नोंदणी महारेराकडे होते, पण ही मोजणी सगळे टप्पे मिळून होते. आज सहा आणि पुढच्या वर्षी शेजारी सहा असं तोडून चालत नाही. नोंदणी लागत असेल तर ती होईपर्यंत जाहिरात, बुकिंग काहीच करू नका, अगदी व्हॉट्सॲपवरही. सूट असली तरी १९६३ चा मोफा, म्हणजे राज्याचा सदनिका मालकीचा कायदा, आहेच. नोंदणीकृत करारनाम्याआधी किमतीच्या २० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. रेरा लागू असेल तर ही मर्यादा १० टक्के.

पूर्णत्वाआधी विकलेल्या घरावर ५ टक्के जीएसटी लागतो, परवडणाऱ्या घरावर १ टक्का. परवडणाऱ्या घरासाठी किंमत ४५ लाखांपर्यंत हवी, आणि पुणे-नाशिकसारख्या शहरांत चटई क्षेत्र ९० चौरस मीटरपर्यंत चालतं. मुंबई महानगरात ही मर्यादा ६० आहे. दोन्ही दरांत सिमेंट-स्टीलवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, म्हणून अंदाजपत्रकात साहित्याचे दर करासहित धरा.

बांधकामासाठी बँक कर्ज देते, बिल्डरला जमीन घेण्यासाठी सहसा देत नाही. जमिनीचे पैसे, मंजुरीसाठी पालिकेला भरायचे प्रीमियम आणि जोत्यापर्यंतचा खर्च स्वतःकडे असल्याशिवाय व्यवहार करू नका.

जोता झाला की जोता तपासणी दाखला घ्या आणि मगच पुढे चढा. महावितरणकडे अर्ज स्लॅबच्या वेळीच करा. नवा ट्रान्सफॉर्मर लागणार असेल तर त्याची जागा रेखांकनातच दाखवायला हवी. भोगवटा प्रमाणपत्र हातात येईपर्यंत चावी देऊ नका, ग्राहकाने मुहूर्त काढला असला तरी.