सीके-एमबी एकूण सीकेपेक्षा जास्त आलं तर काय करायचं?

सीके म्हणजे क्रिएटिन कायनेज, स्नायूंत आणि मेंदूत असणारं एन्झाइम. सीके-एमबी हा त्याचाच एक प्रकार. सीके १६० आणि सीके-एमबी १९०. मशीनवर असे आकडे दिसले की मी रिपोर्ट अप्रूव्ह करत नाही. एमबी हा एकूण सीकेचाच भाग, तो त्याहून मोठा कसा असेल? बायोकेमिस्ट्रीत नव्याने आलेल्यांना मी शिकवायला सुरुवात करते ती याच रिपोर्टपासून.

सीके दोन साखळ्यांचं बनतं, एम आणि बी. हातापायांच्या स्नायूंत जवळजवळ सगळं एमएम, हृदयात एमएमच्या जोडीला एमबीचा मोठा वाटा, मेंदूत बीबी. इम्युनोइन्हिबिशनच्या किटमध्ये अँटीबॉडी एम साखळी बंद पाडते. उरते ती बीची क्रिया, तिला दोनने गुणलं की एमबी. हा हिशेब रक्तात बीबी नाही असं धरून चालतो. बीबी असेल किंवा इम्युनोग्लोब्युलिनला चिकटलेलं मॅक्रो-सीके असेल, तर तेही मोजलं जातं आणि वर दुप्पट होतं. म्हणून एमबी एकूण सीकेच्या २५ टक्क्यांवर गेलं की आधी हीच शंका घ्या. एमबी मास पद्धतीने (क्रियेऐवजी प्रथिनाचं प्रमाण मोजून) करा किंवा ट्रोपोनिन (हृदयाची इजा दाखवणारी तपासणी) सुचवा, आणि डॉक्टरांना स्वतः फोन करा.

त्याआधी सीरमचा रंग बघा. लालसर असेल तर तांबड्या पेशींतलं अ‍ॅडेनायलेट कायनेज हे एन्झाइम सीकेचा आकडा फुगवतं. रीएजंटमध्ये ते दाबणारे घटक असतात, पण फार हिमोलिसिस झालं, म्हणजे तांबड्या पेशी फार फुटल्या, तर ते पुरे पडत नाहीत. एलडीएच (तांबड्या पेशींतही असणारं एन्झाइम) तर अशा नमुन्यावर देऊच नका, नवा नमुना मागवा.

छातीत दुखायला कधी लागलं, हे फॉर्मवर लिहून घ्याच. सीके-एमबी साधारण ४ ते ६ तासांनी चढतं, २४ तासांच्या आसपास शिखर गाठतं आणि दोन-तीन दिवसांत उतरतं. ट्रोपोनिन एन्झाइम नाही, स्नायूतलं प्रथिन आहे. ते आठवडाभर, कधी त्याहूनही जास्त, वाढलेलं राहतं. आज हार्ट अटॅकचं निदान त्याच्याच चढउतारावर होतं. दुखणं सुरू झाल्यावर लगेच घेतलेला एकच नमुना नॉर्मल आला, म्हणून हृदय ठीक आहे असं कुणालाही सांगू नका. एसजीओटी हे लिव्हरच्या तपासणीतलं एन्झाइम १९५४ मध्ये हृदयासाठी पुढे आलं होतं. आता त्यासाठी वापरत नाहीत.

सीके हजारांत असेल तर जड व्यायाम, स्नायूत घेतलेलं इंजेक्शन, फिट (आकडी), कोलेस्टेरॉलसाठीची स्टॅटिनची गोळी, थायरॉइड या सगळ्याची चौकशी करा. लघवी काळपट असेल तर स्ट्रिप लावा. स्ट्रिपवर रक्त पॉझिटिव्ह, पण मायक्रोस्कोपखाली तांबड्या पेशी नाहीत, तर मायोग्लोबिन धरून चाला आणि ताबडतोब कळवा, कारण किडनीला धोका असतो.

लहान मुलांच्या बाबतीत मी फार आग्रही आहे. लिव्हरच्या तपासण्यांत एसजीपीटी, एसजीओटी वाढलेले, पण जीजीटी आणि बिलिरुबिन नॉर्मल, असा रिपोर्ट आला की डॉक्टरांना विचारून सीके लावा. ड्युशेन या स्नायू झिजवणाऱ्या आनुवंशिक आजारात चालण्यातला दोष नजरेत येण्याआधीच सीके हजारांत गेलेलं असतं आणि घरचे मात्र लिव्हरच्या तपासण्यांत अडकलेले असतात. उरलेलं सीरम फ्रिजमध्ये असेल तर त्यातूनच सीके होतं, मुलाला पुन्हा सुई टोचावी लागत नाही.