व्हर्च्युअल पॉवर प्लांटमध्ये सहभागी होताय? या चुका टाळा

30 मे 2024 रोजी देशाची विजेची मागणी 250 गिगावॉटला जाऊन भिडली. ती भर दिवसा भिडली, म्हणून सूर्याचा हातभार होता. खरा पेच दिवेलागणीनंतर पडतो. छतावरचे सोलर थंडावते आणि नेमके तेव्हाच एसी, मिक्सर, पाण्याचा पंप, गाडीचा चार्जर असे सगळे सुरू होते. असे तास निभावून न्यायला आपल्याकडे कोयना आहे. पण कृष्णा लवादाने तिला पश्चिमेकडे वळवायला दिलेले पाणी वर्षाला 67.5 टीएमसीच आहे, आणि नवी कोयना बांधायला जागा नाही. म्हणून हजारो घरांतल्या बॅटऱ्या, चार्जर आणि एसी एका सॉफ्टवेअरने जोडून त्यांच्याकडून एका वीजकेंद्रासारखे काम करून घेण्याला, म्हणजेच व्हर्च्युअल पॉवर प्लांटला, मी इतके महत्त्व देतो. मुंबईत टाटा पॉवरने ऑटोग्रिड या सॉफ्टवेअर कंपनीसोबत 2023 मध्ये याच दिशेचा कार्यक्रम जाहीर केला.

सर्वांत मोठी चूक म्हणजे फक्त युनिट मोजणे. 3 किलोवॉटचे रूफटॉप दिवसाला साधारण 12 युनिट देते. नेट मीटरच्या बिलात हिशेब जुळला की आपण खूश. पण दुपारी 1 वाजता ग्रिडला दिलेले युनिट आणि रात्री 8 ला घेतलेले युनिट ग्रिडच्या दृष्टीने सारखे नसतात. केंद्राच्या 2023 च्या नियमांनी हे दरातही आणले: सौर तासांत किमान 20 टक्के स्वस्त, कमाल मागणीच्या तासांत महाग. तेव्हा वॉशिंग मशीन, गिझर, टाकी भरणे ही कामे आधी दिवसा हलवा. बॅटरीचा विचार त्यानंतर.

घरातला नेहमीचा लेड-ॲसिड बॅटरीचा इन्व्हर्टर यात चालेल, हाही गैरसमज. तो लाइट गेल्यावर घर चालवतो, ग्रिडला वीज देत नाही. आणि लाइट गेल्यावर छतावरचे सोलर बंद पडते, तो बिघाड नव्हे. खांबावर चढलेल्या वायरमनला मागून शॉक बसू नये म्हणून ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो.

आता सोसायट्यांसाठी, कारण खरी गडबड इथे होते. दर उतरतो त्या मिनिटाला सगळ्यांनी टायमर लावला, तर 100 गाड्या 7 किलोवॉटने एकदम चार्ज होऊ लागतात. म्हणजे 700 किलोवॉट, आणि आवारातला ट्रान्सफॉर्मर अनेकदा 630 केव्हीएचा. घरांनी एकत्र केलेल्या हालचालीची ताकद देशाने 5 एप्रिल 2020 ला पाहिली. नऊ मिनिटे दिवे मालवले, तेव्हा मागणी 12 ते 14 हजार मेगावॉटने घटेल असा अंदाज होता. ती सुमारे 31 हजारांनी घटली. जलविद्युत केंद्रांनी ती घट आणि नंतरची चढण सांभाळली, कारण वेळ आधीच ठाऊक होती. म्हणून चार्जर गटागटाने, काही मिनिटांच्या अंतराने सुरू करा. थांबवलेले एसी पुन्हा सुरू करतानाही तेच.

काही अडचणी पुन्हा पुन्हा दिसतात. ऐन दुपारी इन्व्हर्टर वारंवार ट्रिप होत असेल, तर आधी स्क्रीनवरचे व्होल्टेज पाहा. एकाच डीपीवर बरीच सोलर असली की ते चढते. इन्व्हर्टरची मर्यादा परस्पर वाढवू नका. सैल न्यूट्रल आणि फेजचे संतुलन तपासून घ्या, वीज कंपनीकडे तक्रार नोंदवा. ऊन असताना बॅटरी भरण्याऐवजी रिकामी होत असेल, तर सीटी क्लॅम्प (वायरीतली वीज किती आणि कोणत्या दिशेने वाहते ते मोजणारा चिमटा) उलटा बसलेला असण्याची दाट शक्यता. आणि वायफाय तुटले की तुमचे यंत्र ताफ्यातून गळते, म्हणून राउटरलाही बॅकअप द्या.

बॅटरी पूर्ण राखून ठेवली तर सहभागाला अर्थ नाही. पूर्ण मोकळी सोडली तर रात्री लाइट गेल्यावर घर अंधारात. वीज वारंवार जाणाऱ्या भागात मी पावसाळ्यात राखीव साठा वाढवायला सांगेन. ऑस्ट्रेलियात 9 ऑक्टोबर 2019 ला क्वीन्सलंडमधला कोगन क्रीकचा 748 मेगावॉटचा संच अचानक बंद पडला, तेव्हा साउथ ऑस्ट्रेलियातल्या घरांच्या बॅटऱ्यांनी वीज देऊन ग्रिडची फ्रीक्वेन्सी, म्हणजे वीज कमी पडली की घसरणारी तिची लय, सावरायला हातभार लावला. त्या घरांत त्या क्षणी साठा शिल्लक होता, म्हणूनच ते जमले.

करारावर सही करण्याआधी विचारा: वर्षात किती वेळा आणि किती तास नियंत्रण घेणार? ऐनवेळी नकार देता येईल का, आणि दिल्यास दंड? मोबदला ज्या नेहमीच्या वापराशी तुलना करून ठरतो, तो कोणत्या दिवसांवरून काढणार? घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर कुणी असेल, तर ते सर्किट वेगळे काढा आणि या योजनेत अजिबात देऊ नका.