संशयास्पद टपाल आणि आवक शाखेतल्या नेहमीच्या चुका

सोलापुरातल्या शासकीय कार्यालयांच्या आवक-जावक शाखांमध्ये माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे गेली. आता नव्याने रुजू झालेल्या लिपिकांना टपाल हाताळणी शिकवताना मला त्याच त्या चुका पुन्हा दिसतात आणि त्यांचा मला मनापासून त्रास होतो. पहिली चूक समजुतीची आहे. पाकिटावर साहेबांचे नाव आहे, म्हणजे धोका असलाच तर तो साहेबांना आहे, असे प्रत्येक नवा लिपिक गृहीत धरतो.

आजवरच्या घटना नेमके याच्या उलट सांगतात. अमेरिकेत 1919 च्या एप्रिलमध्ये अराजकवाद्यांच्या एका गटाने मंत्री, न्यायाधीश, महापौर आणि उद्योगपतींच्या नावे सुमारे 36 स्फोटक पार्सले टपालाने पाठवली. त्यांतले एक माजी सिनेटर थॉमस हार्डविक यांच्या घरी पोहोचले आणि ते उघडणाऱ्या त्यांच्या मोलकरणीला दोन्ही हात गमवावे लागले. 2001 साली सिनेटर टॉम डॅशल आणि पॅट्रिक लेही यांच्या नावे अँथ्रॅक्स या जीवघेण्या रोगाच्या जंतूंची भुकटी असलेली पत्रे गेली; दोघांनाही काही झाले नाही, मात्र ती पत्रे ज्या केंद्रातून गेली त्या वॉशिंग्टनच्या ब्रेंटवुड टपाल केंद्रातले दोन कर्मचारी मरण पावले. पाकिटे बंद होती, तरीही वर्गीकरण यंत्रांच्या दाबाने भुकटी बाहेर पडली. 15 ऑक्टोबरला पत्र उघडले गेल्यावर सिनेटच्या कर्मचाऱ्यांची तपासणी लगेच सुरू झाली, तर टपाल केंद्र 21 तारखेपर्यंत चालूच राहिले. नाव मोठ्या माणसाचे आणि हात कारकुनाचे, हा क्रम शंभर वर्षांत बदललेला नाही. म्हणून संशय आल्यावर काम थांबवण्याचा अधिकार आवक लिपिकाचाच असला पाहिजे आणि त्यासाठी त्याने कोणाच्या परवानगीची वाट पाहू नये, असे माझे ठाम मत आहे.

दुसरी चूक मी डोळ्यांनी पाहिली आहे. मार्चअखेरीची गडबड होती. एका कार्यालयात, जिथे मी तेव्हा बारनिशीचे, म्हणजे टपालाच्या नोंदवहीचे, काम पाहत होतो, खाकी कागदात गुंडाळलेले आणि सुतळीने घट्ट आवळलेले एक पार्सल आले. प्रेषकाचे नाव नव्हते, तिकिटे गरजेपेक्षा बरीच जास्त लावलेली होती, साहेबांचे पदनाम चुकले होते, निळ्या शाईत ‘समक्ष उघडावे’ असे लिहिले होते आणि एका कोपऱ्यावर तळहाताएवढा तेलकट डाग पसरला होता. संशय घ्यावा अशी इतकी लक्षणे एकाच पार्सलवर मी पुन्हा कधी पाहिली नाहीत. नव्या लिपिकाने तो डाग अंगठ्याने दाबला, वास घेतला, पार्सल कानाशी धरून हलवले आणि शंका आली म्हणून ते उचलून, दाखल्यांसाठी ताटकळणाऱ्या चाळीसेक माणसांमधून, दोन मजले चढून थेट साहेबांच्या मेजावर नेऊन ठेवले. तिथे कोणीतरी पाण्याची बादली मागवली. बॉम्ब शोधक व नाशक पथक आले तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता की, हे इथपर्यंत कोणी आणि कोणत्या वाटेने आणले. आत शेंगाचटणी निघाली. जमिनीच्या मोजणीचे काम मार्गी लागल्याबद्दल एका शेतकऱ्याने ती प्रेमाने पाठवली होती. सगळे हसले. मला हसू आले नाही, कारण त्या जिन्यावर एक बाई कडेवर मूल घेऊन उभी होती आणि पार्सल तिच्या कोपराला घासून वर गेले होते.

तेव्हापासून माझा नियम एकच आहे: संशय येताच वस्तू जिथे आहे तिथेच राहील आणि माणसे हलतील. पाण्यात टाकल्याने उपकरण निकामी होते, हा समज जुना आणि घातक आहे. हलवणे, तिरके करणे, ओले करणे, सुतळी कापून पाहणे, यांतले काहीही करायचे नाही. खोली रिकामी करायची, लोकांना खिडक्यांच्या काचांपासून आणि वाहनतळापासून दूर न्यायचे आणि लांब जाऊन 112 वर फोन करायचा. पार्सलजवळ उभे राहून मोबाइलवर चित्रफीत काढणाऱ्यांना मी आजवर क्षमा केलेली नाही.

प्रेषकाचे नाव ओळखीचे दिसले की निर्धास्त होणे, ही तिसरी चूक. 1989 च्या डिसेंबरमध्ये अलाबामात न्यायाधीश रॉबर्ट व्हॅन्स स्वतःच्या घरी ज्या पार्सलने मारले गेले, त्यावर त्यांच्याच एका सहकारी न्यायाधीशाचे नाव होते. अँथ्रॅक्सच्या पत्रांवर शाळेचा पत्ता होता आणि तशी शाळा अस्तित्वातच नव्हती. 2018 मध्ये फ्लोरिडातल्या एका माणसाने माजी राष्ट्राध्यक्षांसह विरोधी नेत्यांना 16 पाकिटे पाठवली, तेव्हा प्रेषक म्हणून एका महिला खासदाराचे नाव टाकले आणि तेही चुकीच्या स्पेलिंगने. अनपेक्षित पार्सल आले की मी प्रेषकाला आधी फोन लावतो. पाच मिनिटे जातात. अकराच्या आत टपाल संपवण्याची ज्यांना घाई असते, त्यांना ही पाच मिनिटे जड वाटतात. अशी घाई करणाऱ्याला मी आवक मेजावर बसू देत नाही.

दहा-बारा पाकिटे एकावर एक रचून एकदम कात्री चालवू नये.

भुकटी सांडली तर ती झटकू नये किंवा फुंकू नये. सोलापूरच्या उन्हाळ्यात डोक्यावरचा पंखा पूर्ण वेगाने फिरत असतो. अशा वेळी आधी तो बंद करावा, पाकीट हळूच आहे तिथे ठेवावे, दार लावून घ्यावे आणि साबणाने हात धुवावेत. त्या खोलीत कोण कोण होते त्यांची नावे लगेच लिहून ठेवावीत, कारण उपचारासाठी तीच यादी लागते.

एक पार्सल सापडले की प्रकरण मिटले, ही शेवटची चूक सर्वांत कमी बोलली जाते. असे पाठवणारे सहसा एकावर थांबत नाहीत: 1919 मध्ये सुमारे 36, 1989 मध्ये 4, 2018 मध्ये 16. त्यामुळे शेजारच्या कार्यालयांच्या आवक शाखांना त्याच तासात कळवले पाहिजे आणि पार्सलचे वर्णन, म्हणजे कागदाचा रंग, आकार, अक्षराचे वळण, तिकिटे, आठवणीतून कागदावर उतरवले पाहिजे. 1919 मध्ये न्यूयॉर्कच्या टपाल कार्यालयातला चार्ल्स कॅप्लन हा कारकून रात्री घरी जाताना वर्तमानपत्रात हार्डविक यांच्या पार्सलचे वर्णन वाचत होता. तसलीच 16 पार्सले अपुऱ्या तिकिटांमुळे आपणच बाजूला काढून ठेवली आहेत, हे त्याला आठवले आणि तो अर्ध्या वाटेवरून परत फिरला.